अभंगाचे चरण मोडून छापू नयेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या कवितांसाठी एक स्तंभ राखून ठेवलेला असतो. सीमाभागातल्या मराठी शाळांमधली मुले त्या स्तंभाची किती आतुरतेने वाट पाहतात, हे मी माझ्या शिक्षकी पेशात वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि निवृत्तीनंतरही पाहतो आहे. गेल्या महिन्यात त्या स्तंभात आमच्या खानापूर तालुक्यातल्या सातवीच्या एका मुलीची कविता आली. तिच्या वहीत पहिले कडवे असे होते:

आभाळ उतरे
मलप्रभेकाठी
रोप घाली मिठी
चिखलाला

पुरवणीत हे कडवे दोन ओळींत छापले गेले. 'आभाळ उतरे मलप्रभेकाठी रोप' ही एक ओळ झाली आणि 'घाली मिठी चिखलाला' ही दुसरी. पुढच्या कडव्यांचेही तसेच झाले, आणि वर 'मुक्तछंद' असा शब्द देण्यात आला. स्तंभाची रुंदी ठरलेली असते आणि रात्री पान लावण्याची घाई असते, हे मी समजू शकतो. परंतु दुसऱ्या दिवशी ती मुलगी कात्रण घेऊन माझ्या घरी आली आणि 'सर, माझं कुठं चुकलं?' असे तिने विचारले, तेव्हा या विषयावर आपल्याला सविस्तर लिहिले पाहिजे असे मला वाटले.

तिचे काहीही चुकलेले नव्हते. तिने लिहिला होता तो मोठा अभंग. त्याच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार अक्षरे येतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक असते. तुकोबांचे 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' बोटांवर मोजून पाहिले, तर सहा, सहा, सहा, चार असाच हिशेब लागतो आणि 'विटेवरी' व 'कटावरी' यांचे यमक कानाला सापडते. त्या मुलीच्या कडव्यातही अक्षरांचा हिशेब नेमका आहे. यमकाच्या बाबतीत कठोर परीक्षकाने 'काठी' आणि 'मिठी' यांवर बोट ठेवले असते, कारण शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वरही जुळला तर यमक भरीव होते. 'काठी'ला 'पाठी' हे पूर्ण यमक झाले असते. पण असे सैल यमक संतांच्या अभंगांतही जागोजागी भेटते, आणि रोपाने चिखलाला मिठी घालणे ही कल्पना कोणत्याही पूर्ण यमकापेक्षा मोलाची आहे. छपाईत 'रोप' हा शब्द वरच्या ओळीत गेला आणि 'काठी'नंतरचा विसावा नाहीसा झाला. विसावा गेला म्हणून यमक ऐकू येईना, आणि यमक ऐकू येईना म्हणून कविता मुक्तछंदात असल्यासारखी दिसू लागली.

माझे म्हणणे एवढेच आहे की कवितेच्या रचनेची नावे आणि त्या नावांमागचा हिशेब ही पंडितांची मिरास नव्हे. तो हिशेब आपल्या कानात आधीपासून असतो, शाळेने आणि वृत्तपत्राने फक्त त्याला नाव द्यायचे असते. नाव माहीत असले की मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडते आणि दुसऱ्याने केलेली मोडतोडही ओळखता येते.

मराठी पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे तीन भाग माधव जूलियन, म्हणजेच माधव त्रिंबक पटवर्धन, यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मांडले. ही विभागणी सातवीच्या मुलालाही समजावी इतकी सोपी आहे. छंदात केवळ अक्षरे मोजायची; अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, म्हणताना ते सारखेच लांबवले जाते, आणि म्हणूनच टाळांच्या ठेक्यावर अभंग कुठेही अडखळत नाही. जातीत अक्षरांची संख्या कमीजास्त चालते, पण मात्रांची, म्हणजे अक्षरांच्या उच्चाराला लागणाऱ्या वेळाची, बेरीज ठरलेली असते. वृत्तात मात्र कोणत्या जागी लघु (एका मात्रेचे अक्षर) आणि कोणत्या जागी गुरू (दोन मात्रांचे अक्षर) हा क्रमच बांधलेला असतो. जुन्या पिढीतल्या अनेकांना 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची' ही ओळ पाठ असते. त्या ओळीत चार कवींच्या चार रचनांची नावे आहेत, पण ती ओळ स्वतःच आर्या आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मात्रा मोजल्या तर 'सुश्लोक वामनाचा' याच्या बारा भरतात, 'अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची' याच्या अठरा भरतात, आणि उत्तरार्धातही पुन्हा बारा आणि अठरा. मोरोपंतांचे नाव घ्यायचे ते मोरोपंतांच्याच आर्येत, ही त्या अज्ञात रचनाकाराची सुंदर जाण मला नेहमीच भावली आहे.

लघु-गुरूचे प्रकरण शाळेत सर्वांत नीरस पद्धतीने शिकवले जाते. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घ स्वराची दोन, अनुस्वार आणि विसर्ग असलेले अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, असे नियम फळ्यावर उतरतात आणि मुले अक्षरांवर चंद्रकोर आणि आडवी रेघ काढत बसतात. मीही सुरुवातीची काही वर्षे असेच शिकवले. एके दिवशी एका मुलाने 'तुझ्या' या शब्दातल्या 'तु'वर गुरूची रेघ काढली. पुढे जोडाक्षर आहे, म्हणजे त्याने नियम अगदी बरोबर लावला होता. मी त्याला 'सत्य' आणि 'तुझ्या' हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावले. 'सत्य' म्हणताना 'स'वर आघात येतो आणि जीभ तिथे क्षणभर दाबली जाते, 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर तसे काही घडत नाही. त्याने ते दोनतीनदा म्हटले, रेघ खोडली आणि तिथे चंद्रकोर काढली. त्या दिवसापासून मी वर्गात लघूला टिचकी आणि गुरूला टाळी अशी रीत ठेवली. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही समर्थांची ओळ मुले टिचकी-टाळी-टाळी, टिचकी-टाळी-टाळी अशी चार वेळा वाजवीत, आणि भुजंगप्रयात वृत्त म्हणजे चार 'य' गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) ही व्याख्या त्यांना पाठ करावी लागत नसे. याच ओळीतल्या 'चि'ची ऱ्हस्व वेलांटी लघूच्या जागेसाठी आहे, हेही त्यांना आपोआप कळे. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कवीला मोकळीक आहे, हे आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही मान्य केले आहे. त्यामुळे वृत्तबद्ध कवितेतली अशी वेलांटी मुद्रितशोधकाने 'दुरुस्त' करू नये, अशी याच ठिकाणी विनंती करून ठेवतो.

गणांची नावे लक्षात ठेवण्यासाठी 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र आहे. त्यातल्या पहिल्या आठांपैकी कोणतेही अक्षर घेऊन पुढची दोन जोडली की त्या गणाचे रूप मिळते. 'यमाता' म्हणजे लघु-गुरू-गुरू, तोच 'य' गण.

यती म्हणजे ओळीतला ठरलेला विसावा, आणि तो शिकण्यासाठी लग्नाच्या मांडवाइतकी चांगली शाळा नाही. मंगलाष्टके शार्दूलविक्रीडितात असतात. त्याच्या ओळीत एकोणीस अक्षरे, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, आणि यती बाराव्या अक्षरावर येतो. आता 'कुर्यात् सदा मंगलम्' हे शब्द सुटे करून मोजून पाहावेत. ती बरोबर सात अक्षरे आहेत, आणि त्यांचा गुरू-गुरू-लघु, गुरू-गुरू-लघु, गुरू हा क्रम म्हणजे शार्दूलविक्रीडिताच्या ओळीचा यतीनंतरचा संपूर्ण भाग आहे. बेळगावपासून निपाणीपर्यंत कोणत्याही मांडवात अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या कानात हा साचा पक्का बसलेला असतो. म्हणूनच मामाने किंवा आत्याने हौसेने रचून आणलेल्या मंगलाष्टकात एखादे अक्षर जास्त झाले, तर वृत्त या शब्दाशी कधी संबंध न आलेली माणसेही एकमेकांकडे पाहतात. पूर्वी मलाही ते पाहून चुकचुकल्यासारखे होई. आता अशा हौशी रचनाकारांना मी लग्नाच्या आधी भेटतो आणि बाराव्या अक्षरावर शब्द तुटत नाही ना, एवढेच तपासून देतो. शब्दाच्या मध्येच यती आला तर त्याला यतिभंग म्हणतात. आपल्या पुरवणीत त्या मुलीच्या अभंगाचे जे झाले ते शास्त्रार्थाने यतिभंग नव्हे, पण ऐकणाऱ्याच्या कानावर परिणाम तोच झाला.

आता ओवी. आमच्या घरी जाते होते. माझ्या लहानपणी पहाटे आई आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्का समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळायच्या. आईने 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात केली की अक्का ऐकत राहायच्या, आणि आई वैरण घालायला थांबली की त्या आपले कन्नड पद उचलायच्या. दोघींनाही एकमेकींचे सगळे शब्द कळत नसत, पण कोणाच्याही पदाने जात्याचा फेरा अडत नसे. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. पुढे अभ्यास करताना कळले की अक्कांचे पद म्हणजे त्रिपदी, म्हणजे तीन ओळींची रचना. ही कन्नडमधली अतिशय जुनी रचना असून इ. स. 700च्या सुमाराचा बदामीचा कप्पे अरभट्टाचा शिलालेखही त्रिपदीत आहे. आणि ओवीचा जुना उल्लेख सापडतो तो कुठे, तर चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात नोंदले आहे. ही नोंद करणाऱ्या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. म्हणजे मराठी स्त्रीच्या तोंडची ओवी प्रथम ज्याने आवर्जून टिपली, तो कन्नड मुलखातला राजा होता. ही गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येक शाळेत, मराठी आणि कन्नड दोन्ही, सांगितली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीला चार चरण असतात, पहिल्या तिन्हींना यमक असते आणि चौथा चरण आखूड असून यमकाबाहेर राहतो. अक्षरांची संख्या तिथे अभंगासारखी काटेकोर नसते. जात्यावरची ओवी त्याहूनही मोकळी, हाताच्या फेऱ्यावर लांबणारी आणि आवळणारी. बेळगावात आयुष्य गेलेल्या इंदिरा संत यांनी 'मालनगाथा'मध्ये अशा अनाम बायकांच्या ओव्यांचा मनापासून परामर्श घेतला आहे. 'गर्भरेशीम'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कवयित्रीला जात्यावरच्या ओवीत शिकण्यासारखे काही दिसले, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

आमच्या मुलांना मराठीबरोबर कन्नडही शिकावे लागते. याकडे ओझे म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. पद्यरचनेपुरते तरी मला ते भाग्य वाटते. लघु-गुरू तेच, त्यांची चिन्हे तीच, गण तेच आणि सूत्रही तेच. फरक आहे तो कानाच्या सवयीचा. आपण ओळीच्या शेवटी यमक शोधतो, तर जुन्या कन्नड काव्यात प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर जुळवतात आणि त्याला प्रास म्हणतात. गदगच्या कुमारव्यासाचे महाभारत भामिनी षट्पदीत आहे. तिच्या सहा ओळींत तीन आणि चार मात्रांचे गट आलटून पालटून येतात, आणि मुलांनी तो ठेका एकदा बाकावर वाजवला की ती सहसा विसरत नाहीत. संतांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा येते. बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शिवभक्त संतांच्या, वचनांत तिच्या जागी आराध्यदैवताचे नाव येते आणि त्याला अंकित म्हणतात. बसवण्णांचे अंकित 'कूडलसंगमदेव' आहे. मलप्रभा आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते आणि ज्या कूडलसंगमला कृष्णेला मिळते, तेच ते ठिकाण. त्या सातवीच्या मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने आपल्या कडव्यातल्या 'मलप्रभेकाठी' या चरणाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

वचनांचा उल्लेख आला म्हणून मुक्तछंदाविषयीही स्पष्ट लिहितो, कारण माझ्या पत्राचा अर्थ मी मुक्तछंदाच्या विरोधात आहे असा कोणी घेऊ नये. वचने कोणत्याही वृत्तात बांधलेली नाहीत, तरी त्यांत लय आहे. मराठीत कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, तोही लयीचे भान ठेवूनच. चांगल्या मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची हे कवी श्वासाने आणि अर्थाने ठरवतो, त्यामुळे तिथे ओळ चुकीच्या ठिकाणी मोडली तर अभंगापेक्षाही जास्त नुकसान होते. अभंग जाणकार वाचक मोजून पुन्हा उभा करू शकतो. मुक्तछंदाची मोडलेली ओळ कवीशिवाय कोणालाही परत मिळत नाही.

अलंकारांविषयी थोडेच. परीक्षेत 'अलंकार ओळखा' हा प्रश्न असतो आणि मुले 'सारखा' दिसले की उपमा, 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा असे लिहून गुण मिळवतात. उपमेय म्हणजे ज्याची तुलना करायची ते आणि उपमान म्हणजे ज्याच्याशी करायची ते, हेही त्यांना येते. पण उपमान खरे आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एकदा पावसाळ्यात आम्ही मुलांना गोकाकचा धबधबा पाहायला नेले. घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते. परत आल्यावर लिहायला सांगितले, तर जवळजवळ सर्वांनी 'दुधासारखे शुभ्र पाणी' असे लिहिले. पावसाळ्यात तिथले पाणी गढूळ, तांबूस-तपकिरी असते, आणि तेच पाहून मुले आली होती. निपाणीकडून आमच्या शाळेत आलेल्या एकाच मुलाने 'काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसासारखे' असे लिहिले. त्याच्या घरी गुऱ्हाळ होते. रंग, वरचा फेस, उसळी आणि आवाज, सगळे त्या एका उपमानात आले होते. उपमा म्हणजे काय हे मी त्या वर्गाला यापेक्षा चांगले कधीच सांगू शकलो नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत गावकरी पदरमोड करून ग्रामीण साहित्य संमेलने भरवतात आणि त्यांत कविसंमेलनाला सर्वाधिक गर्दी असते. संगीत नाटकातून साकी आणि दिंडी या पद्यरचना घराघरांत पोहोचवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. असा वारसा असलेल्या प्रदेशातल्या वृत्तपत्राकडे मी काही फार मोठे मागतो आहे असे मला वाटत नाही. कवितेचे चरण कवीने लिहिले तसेच छापावेत. स्तंभ अरुंद असेल तर अक्षराचा आकार कमी करावा, पण ओळ मोडू नये. मोडावीच लागली तर उरलेला भाग खालच्या ओळीत आत सरकवून लावावा, म्हणजे चरण एकच आहे हे वाचकाला कळते. कवितेखाली लहान अक्षरांत रचनेचे नाव द्यावे, आणि ते निश्चित माहीत नसेल तर काहीच देऊ नये. पुरवणीत महिन्यातून एकदा एका रचनेची ओळख करून देणारी चौकट छापणार असाल, तर ती लिहून देण्याचे काम मी विनामोबदला करीन, आणि कन्नड रचनांसाठी आमच्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी मदत करण्याचे आधीच कबूल केले आहे.

तूर्त एकच करावे. पुढच्या एखाद्या रविवारी ते कडवे चार ओळींत, 'अभंग' या नावाने पुन्हा छापावे. जुने कात्रण त्या मुलीने वहीत चिकटवलेले नाही. ते पान तिने कोरे ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव